वाकड्या भिंतीवर सरळ पट्टी: फिनिशिंगचं सुतारकाम शिकताना

घराच्या आतल्या सुतारकामाचे दोन भाग पडतात. पहिला सांगाड्याचा: चौकटी, कपाटांचे खोके, सीलिंगची फ्रेम. हे काम पुढे झाकलं जातं, त्यात दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी निभावतं. दुसरा भाग फिनिशिंगचा. दाराभोवतीच्या पट्ट्या, भिंतीच्या पायथ्याचं स्कर्टिंग, छताच्या कडेचं कॉर्निस, कपाटांचे पल्ले, बिजागऱ्या. इथे काहीच झाकायला मिळत नाही आणि अर्ध्या मिलिमीटरची फटसुद्धा नजरेत भरते. मला हा दुसरा भाग शिकायचा होता. एका जुन्या, अनुभवी मिस्त्रींनी मला हाताखाली घेतलं.

सुरुवात पटाशीला, म्हणजे लाकूड तासायच्या सपाट छिन्नीला, धार लावण्यापासून झाली. आधी पात्याची पाठ दगडावर घासून आरशासारखी सपाट करायची, मग २५ अंशांचा उतार काढायचा आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक कड द्यायची. घासताना पाठीमागच्या बाजूला धातूची कोर वळून येते, ती बोटाला लागेपर्यंत थांबायचं नाही. धार झाली की नाही हे ओळखायची मिस्त्रींची पद्धत मला फार आवडली. मऊ लाकडाच्या तुकड्याचं आडवं कापलेलं टोक घ्यायचं आणि पटाशीने त्याची पातळ चकती सोलायची. धार खरी असेल तर उरलेला पृष्ठभाग चकचकीत दिसतो. नसेल तर लाकडाचे तंतू चिरडतात आणि तिथे पांढुरके डाग उठतात. या चाचणीत पटाशी पास होईपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या कामाला हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच होतं. पुढच्या प्रत्येक सांध्यात ती धार उपयोगी पडली.

मापाचा धडा त्यानंतर आला. मिस्त्री टेप फार कमी वापरतात. "ताई, आकडा लिहून आणू नका, तुकडाच जागेवर धरा आणि तिथेच खूण करा," हे त्यांचं रोजचं वाक्य. कारण साधं आहे. टेपच्या टोकाचा हूक स्वतःच्या जाडीएवढा सैल ठेवलेला असतो, म्हणजे आतून आणि बाहेरून माप सारखं यावं. तो वाकला किंवा त्याचे रिव्हेट झिजले की प्रत्येक मापात फरक पडतो. शिवाय दोन टेप एकमेकींशी जुळतीलच असं नाही. म्हणून एका खोलीसाठी एक सरळ पट्टी घ्यायची आणि दाराची रुंदी, खिडकीची उंची, फळ्यांच्या जागा अशा सगळ्या खुणा तिच्यावरच करायच्या. खूणही पेन्सिलीने नाही, सुरीने. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते आणि कापताना रेघेच्या कोणत्या बाजूने जायचं हा प्रश्न उरतो. सुरीच्या चिरेत पटाशी आपोआप जाऊन बसते.

लाकडाचा स्वभाव समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हवेतल्या ओलाव्याने लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यातही फळी वाढीच्या वर्तुळांना स्पर्श करून जाईल अशी चिरलेली असेल, तर ती गाभ्याकडून सालीकडे चिरलेल्या फळीच्या साधारण दुप्पट आकसते. म्हणून नवा माल आला की काही दिवस ज्या खोलीत बसवायचा तिथेच, मधे पट्ट्या घालून, चारही बाजूंनी हवा लागेल असा रचून ठेवायचा. अखंड लाकडाचं रुंद टॉप बसवताना स्क्रूसाठी गोल भोक न पाडता लांबट भोक पाडायचं, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. ती नाही दिली तर फळी चिरते. प्लाय असा हलत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, तोही ओलाव्याने फार हलत नाही, पण त्याच्या कापलेल्या कडेला पाणी लागलं की ती फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यामुळे ओल्या जागी एमडीएफचं स्कर्टिंग लावायला माझा विरोधच असतो.

आता कोपऱ्यांबद्दल, कारण फिनिशिंगची खरी परीक्षा तिथे होते. प्लास्टर केलेला कोपरा बरोबर ९० अंशांचा क्वचितच मिळतो. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर फिरता गुण्या लावून कोन घ्यायचा आणि त्याचे दोन सारखे भाग करायचे. कोन ९१ आला तर दोन्ही तुकडे ४५.५ अंशांवर कापायचे. आतल्या कोपऱ्याला मात्र ही पद्धत टिकत नाही. दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापून भिडवल्या तर लाकूड आकसल्यावर सांधा उघडतो आणि काळी रेघ दिसू लागते. तिथे पहिली पट्टी सरळ कापून थेट भिंतीला भिडवायची. दुसरी आधी ४५ अंशांत कापायची. त्या कापाच्या कडेवर मोल्डिंगचा, म्हणजे पट्टीवरच्या नक्षीचा, उठाव रेघेसारखा उमटतो. त्या रेघेवरून बारीक पात्याच्या कोपिंग सॉने कापत जायचं आणि करवत मागच्या बाजूला थोडी कलती धरायची, म्हणजे फक्त पुढची पातळ कड पहिल्या पट्टीला टेकते.

हा सांधा मी टाकाऊ तुकड्यांवर खूप गिरवला. करवतीने काम ऐंशी टक्के होतं, उरलेलं कानशीने. इथे मिस्त्रींनी एक युक्ती दाखवली. पहिल्या पट्टीच्या तोंडावर मऊ पेन्सिल घासायची, दुसरा तुकडा तिच्यावर दाबून जरासा हलवायचा. जिथे लाकूड अडतंय तिथे काळा ठिपका उठतो. फक्त तो ठिपका कानशीने काढायचा आणि पुन्हा दाबायचं. हळूहळू ठिपके कडेभर पसरतात आणि शेवटी सबंध कड एकसारखी काळी येते. सांधा बसला. कोपरा ८८ अंशांचा असो की ९२ चा, तो मिटलेलाच राहतो.

कॉर्निसचं गणित वेगळं. ते भिंतीला तिरकं टेकलेलं असतं. ३८ अंशांत टेकणाऱ्या कॉर्निससाठी ९० अंशांच्या कोपऱ्यात कोनात कापायचं करवतीचं मशीन ३१.६ अंश वळवून पातं ३३.९ अंश कलतं करायचं, असं कोष्टक मिळतं. मला त्यापेक्षा तुकडा मशीनवर उलटा, भिंतीवर असेल त्याच तिरकेपणात धरून कापणं जास्त भरवशाचं वाटतं.

दाराच्या कामात आधी चौकटीला पीळ आहे का ते पाहायचं. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणायच्या, मधे त्या एकमेकींना जेमतेम शिवल्या पाहिजेत. दोघींत अंतर राहिलं, किंवा एकीने दुसरीला दाबलं, तर चौकट पिळलेली आहे, आणि पाचरी घालून ती सरळ केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. बिजागरीची खाच बिजागरीच्या पानाच्या जाडीएवढीच खोल हवी. पल्ल्याभोवती तिन्ही बाजूंना ३ मिलिमीटर फट ठेवायची. कडीच्या बाजूने पल्ला खाली लोंबत असेल तर आधी स्क्रू घट्ट आहेत का बघायचं, मग खालच्या बिजागरीमागे पातळ पुठ्ठ्याचा तुकडा घालायचा. खालचा भाग कडीकडे सरकतो आणि कडीची बाजू वर उचलली जाते. रंधा न लावता दार मोकळं होतं. चौकटीवरची पट्टी चौकटीच्या कडेशी अगदी जुळवून बसवायची नाही, ५ मिलिमीटर आत सोडायची. जुळवलेल्या दोन कडांमधला केसभर फरकही दिसतो, ५ मिलिमीटरच्या पायरीतला अर्धा मिलिमीटर कोणाच्या लक्षात येत नाही.

पॉलिशबद्दल थोडक्यात. पेपर १२०, १८०, २२० या क्रमाने, आणि आडव्या कापाची टोकं आणखी बारीक पेपरने घासायची, कारण ती रंग जास्त पितात. घासताना मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पसरून, मोकळ्या हवेत वाळवा.

आता मी एकटीने काम घेते. नुकतंच दोन भिंतींच्या मधे बसणारं कपाट केलं. ती जागा वर रुंद आणि खाली अरुंद होती. भिंतीबरोबर कपाट तिरकं केलं असतं तर सगळे पल्ले तिरके दिसले असते. मी खोका ओळंब्यात उभा केला आणि फरक सगळा एका बाजूच्या पट्टीत घेतला. कर्कटकाची टोकं सगळ्यात मोठ्या फटीएवढी उघडली, एक टोक भिंतीवरून फिरवत दुसऱ्याने पट्टीवर रेघ ओढली आणि रंध्याने तिथपर्यंत आले. ती पट्टी वरच्या टोकाला २८ मिलिमीटर रुंद आहे, खालच्या टोकाला १७. पल्ल्यांमधली फट वरपासून खालपर्यंत ३ मिलिमीटरच.