गरिज्जीमवरचा वल्हांडण: जायचं असेल तर

वल्हांडण म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण; शोमरोनी नावाचा छोटा समाज तो गरिज्जीम डोंगरावर मेंढ्यांचा बळी देऊन पाळतो. सगळ्यात आधी तारीख. ज्यूंचा पेसाख ज्या संध्याकाळी, त्याच संध्याकाळी शोमरोन्यांचा वल्हांडण असेल असं धरून चालू नका. दोघांची पंचांगं वेगळी. कधी एक-दोन दिवसांचा फरक, कधी पुऱ्या महिन्याचा. मी आणि माझा मावसभाऊ ज्यूंचं कॅलेंडर बघून जेरुसलेममधली खोली घेऊन बसलो आणि एका रात्रीचे पैसे घालवले. शोमरोन्यांचं पंचांग त्यांचे याजक मांडतात. वर्षातून दोनदा, सहा-सहा महिन्यांचं. वीस वर्षांवरचा प्रत्येक पुरुष त्याबद्दल याजकाला अर्धा शेकेल देतो. म्हणजे तारीख ठरवणं हेच याजकाचं वतन, आणि ती त्यांच्याच गावातून विचारून घ्यावी. सण शनिवारला टेकून आला तर बळी संध्याकाळऐवजी दुपारी होतो, तेही विचारून ठेवा.

हे शोमरोनी म्हणजे येशूच्या 'चांगल्या शोमरोन्या'च्या दाखल्यातले तेच लोक. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दीडशेच्या आसपास उरले होते, आज हजाराच्या आत आहेत. निम्मे तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये, निम्मे वेस्ट बँकमधल्या नाब्लुसच्या डोक्यावर गरिज्जीम डोंगरावरच्या छोट्या गावात. मोशेची पाच पुस्तकं मानतात, पुढची नाही. देवानं निवडलेली जागा जेरुसलेम नसून हा डोंगर, हे त्यांचं म्हणणं. आणि त्यांच्याकडे अजूनही जन्मानं ठरणारा मुख्य याजक आहे.

जाण्याचं थोडक्यात. जेरुसलेमच्या दमास्कस गेटजवळून रामल्लाची बस, तिथून नाब्लुसला शेअर टॅक्सी, नाब्लुसहून वर वेगळी टॅक्सी. आम्ही गेलो ते 2023 च्या युद्धाआधी. आता रस्ते आणि चौक्यांच्या वेळा रोज बदलू शकतात, तेव्हा त्याच आठवड्यात जाऊन आलेल्या माणसाला गाठा. पासपोर्टबरोबर विमानतळावर मिळालेली निळी चिठ्ठी (इस्रायलचा प्रवेश-परवाना) खिशात हवीच. पोटभर नाब्लुसमध्येच खाऊन घ्या (कनाफे ही तिथली चीजची मिठाई सोडू नका), कारण वर पाहुण्याला बळीचं मांस मिळत नाही. परक्यानं ते खायचं नाही असं मोशेच्या दुसऱ्या पुस्तकात, निर्गममध्येच लिहिलंय. एप्रिलच्या रात्री 880 मीटरवर चांगलीच थंडी असते. आम्ही पातळ शर्टात कुडकुडलो.

दुपारी लवकर पोचलात तर गावातलं छोटं संग्रहालय आधी बघा. आम्हाला ते दाखवणारे आजोबा स्वतः याजक घराण्यातले होते. भिंतीवर आदमापासूनची वंशावळ. मी आपल्या सवयीनं विचारलं, "म्हणजे बापानंतर मुलगा?" आजोबांनी नकारार्थी मान हलवली. मुख्य याजकपद घराण्यातल्या सगळ्यात वडील पुरुषाकडे जातं. मग तो आधीच्याचा भाऊ असो, चुलतभाऊ असो की पुतण्या. त्यामुळे गादीवर येणारा माणूस बहुधा आधीच म्हातारा असतो.

मग त्यांनी 1624 चं सांगितलं. मोशेचा भाऊ अहरोन हा पहिला मुख्य याजक. त्याचा मुलगा एलाजार, त्याचा फिनहास, तिथून चालत आलेली थोरली पाती त्या वर्षी संपली. मुख्य याजक वारला आणि मागे वारस नव्हता. आपल्याकडे अशा वेळी दत्तक शोधला असता. यांनी पद लेवीच्या, म्हणजे याजकांच्याच, कुळातल्या दुसऱ्या शाखेकडे दिलं आणि पुढे चालू लागले. आजोबांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. आजची याजक मंडळी सगळी त्या शाखेतली. अबीशाच्या गुंडाळीचं, म्हणजे पाच पुस्तकांच्या त्यांच्या जुन्या प्रतीचं, छायाचित्रही त्यांनी दाखवलं. ही फिनहासाच्या मुलानं, अबीशानं, कनानात पाऊल ठेवल्यानंतरच्या तेराव्या वर्षी लिहिली असं तिच्या मजकुरातच म्हटलंय. अभ्यासक तिला मध्ययुगातली मानतात. मी तो विषय काढला नाही. मूळ गुंडाळी बघण्याचा हट्ट धरू नका, छायाचित्रावर भागवा.

चार वाजेपर्यंत कुंपणापाशी जागा धरा. नंतर पत्रकार, सैनिक, पर्यटक अशी झुंबड उडते. आत दगडांनी बांधलेले खोल खड्डे, त्यात दुपारपासून धगधगणारी लाकडं. पांढऱ्या कपड्यातली माणसं मेंढ्या घेऊन चरापाशी उभी. मेंढ्या शांत, पोरं मात्र त्यांच्या अंगावर लोळतायत. सूर्य कलला की मुख्य याजक निर्गमचा बारावा अध्याय म्हणायला लागतो, आणि सगळ्या मंडळीनं संध्याकाळी तो वधावा हे शब्द आले की सुऱ्या चालतात. सगळं मिळून मिनिट-दोन मिनिटं. मग एकदम आरोळ्या, टाळ्या, मिठ्या. रक्त बघवत नसेल तर या दोन मिनिटांत मागे सरका, पण निघून जाऊ नका, बघण्यासारखं पुढे आहे.

उकळतं पाणी ओतून लोकर काढतात, आतडी आणि चरबी वेगळ्या आगीवर जाळतात. उजवा पुढचा पाय कापून बाजूला ठेवतात. तो याजकांचा. मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या ('अनुवाद') अठराव्या अध्यायात खांदा, गालफडं आणि पोट हा याजकाचा वाटा सांगितलाय. जेरुसलेमचं मंदिर इ.स. 70 मध्ये पडलं तेव्हापासून ज्यू याजकांना, कोहेनांना, मंदिरातल्या बळीचा वाटा मिळालेला नाही. तो मी इथे परातीत बघितला. मग अख्खी मेंढी लांब लाकडी सळीवर चढवून खड्ड्यात उभी सोडतात, वर जाळी, जाळीवर चिखल लिंपतात. धूर जिथून निघेल तिथे पोरं धावत जाऊन चिखलाचा गोळा थापतात. अलिबागकडची पोपटी लावताना बघितलीत तर हा उत्साह ओळखीचा वाटेल.

इथे बहुतेक पर्यटक परत फिरतात. तुम्ही थांबा. मध्यरात्रीच्या सुमारास चिखल फोडतात, मांस परातीत पडतं, आणि घरचे लोक ते रुमाली रोटीसारख्या बेखमीर भाकरीबरोबर, कडू पाल्याबरोबर घाईघाईनं खातात. उरलेलं सकाळच्या आत जाळायचं.

आम्हाला न्यायला येतो म्हणालेला टॅक्सीवाला आलाच नाही. एका घरानं ओसरीवर बसू दिलं, चहा दिला. परतीचे पैसे आधी देऊ नका, एवढंच.

सकाळी शिखरावरचे अवशेष बघा. यित्झाक मागेन यांनी 1982 पासून इथे उत्खनन केलं आणि इ.स.पू. पाचव्या शतकातल्या मंदिराच्या खुणा सापडल्या. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याची गोष्ट अशी: जेरुसलेमच्या मुख्य याजकाचा भाऊ मनश्शे यानं शोमरोनचा सुभेदार सनबल्लट याच्या मुलीशी लग्न केलं. बायको सोड नाहीतर याजकपद सोड, असं जेरुसलेमच्या वडीलधाऱ्यांनी आणि भावानं बजावलं. सासऱ्यानं जावयाला इथे स्वतंत्र मंदिरच बांधून दिलं. जोसेफस हे सिकंदराच्या काळात घालतो, खोदकाम त्याच्या शंभरेक वर्षं मागे जातं. पण बायबलमधला नहेम्याही अशाच एका जावयाला हाकलल्याचं लिहितो, तेव्हा भाऊबंदकी खरी असावी. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हे मंदिर पाडलं जॉन हिर्कानसनं, आणि तो स्वतः जेरुसलेमचा मुख्य याजक होता. आता वर अष्टकोनी चर्चचा पाया जास्त ठळक दिसतो. तो 484 सालचा, सम्राट झेनोचा. सावली जवळजवळ नाही, दहाच्या आत उरका.

इथे सापडलेले कोरीव लेख चारशेच्या घरात आहेत. त्यांतले काही जेरुसलेम-यरीहो रस्त्यावरच्या 'चांगल्या शोमरोन्या'च्या संग्रहालयात ठेवलेत. मृत समुद्राला जाताना वाट न सोडता तासाभरात होतं. या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि याजकांमध्ये फिनहासही आहे.