पॅन युरोपियन की एफजे १२०० : जुनी टूरर घेताना आलेला माझा अनुभव

बायकोला मागे बसवून स्कॉटलंडपर्यंत जाता यावं, सामान मावावं, डोंगरातल्या वळणांवर मजा यावी आणि दोन-तीन हजार पौंडांत काम व्हावं, अशी टूरर, म्हणजे लांब प्रवासाची मोठी मोटरसायकल, इंग्लंडमध्ये शोधायला लागलं की फिरून फिरून दोन नावांपाशी येऊन थांबायला होतं. एक होंडाची एसटी ११०० पॅन युरोपियन आणि दुसरी यामाहाची एफजे १२००. दोन्ही जपानी, दोन्ही कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या. मी शेफील्डला राहतो. स्नेक पासचा घाटरस्ता घरापासून जवळ, कॅट अँड फिडलचा घाटरस्ताही फार लांब नाही आणि रविवारी मॅटलॉक बाथला नदीकाठी बाइकवाल्यांची रांग लागलेली असते. सीबीटी (सुरुवातीचं सक्तीचं प्रशिक्षण), थिअरी, मॉड्यूल एक, मॉड्यूल दोन अशा परीक्षेच्या पायऱ्या चढून पूर्ण लायसन्स हातात आलं आणि खरा शोध सुरू झाला.

होंडा की यामाहा हा वाद माझ्या वयाच्या मराठी माणसाला नवीन नाही. १९८५ साली आपल्याकडे हीरो होंडाची सीडी १०० आली आणि त्याच वर्षी आरएक्स १००. कॉलेजच्या कट्ट्यावर सीडीवाले मायलेजचा हिशेब मांडायचे, आरएक्सवाले पिकअपचा. हजार सीसीच्या पुढे गेल्यावरही दोन्ही घरांचा स्वभाव तोच राहतो, हे मला या शोधात दिसलं आणि मनापासून आवडलं.

पॅन १९९० पासून २००२ पर्यंत बनली. १०८४ सीसीचं व्ही-फोर, म्हणजे व्ही आकारात चार सिलिंडर असलेलं, इंजिन फ्रेममध्ये उभं, म्हणजे क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला, आणि मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट. पेट्रोलची टाकी २८ लिटरची, तीही सीटखाली, त्यामुळे वजन खाली राहतं. एकदा टाकी भरली की चारशे किलोमीटर सहज. ताकद साधारण १०० हॉर्सपॉवर. इथल्या पोलिसांनी ही गाडी वर्षानुवर्षं वापरली, आणि रोज दिवसभर चालवली तरी न थकणारी गाडी म्हणून तिचं नाव झालं ते त्यामुळेच.

एफजेची वंशावळ तिच्या आधीची. १९८४ मध्ये एफजे ११०० आली आणि १९८६ मध्ये ११८८ सीसीची १२००. चार सिलिंडर एका ओळीत, हवेवर थंड होणारे, पुढे ऑइल कूलर, चेन ड्राइव्ह, टाकी २२ लिटरची. ताकद पॅनपेक्षा पंचवीसेक हॉर्सपॉवरने जास्त आणि वजन निदान पन्नास किलोने कमी. टॉर्कचे, म्हणजे ओढण्याच्या जोराचे, आकडे मात्र जवळपास सारखे. १९९१ पासून इंजिन रबर माउंटवर बसवलं गेलं आणि हातापायांना जाणवणारी थरथर बरीच कमी झाली. म्हणून मी १९९१ च्या आधीची एफजे बघायचीच नाही असं ठरवलं. पॅनच्या बाबतीत माझी रेघ १९९६ ची होती. त्या वर्षी २८ अँपिअरचा अल्टरनेटर (गाडीला वीज पुरवणारं यंत्र) जाऊन ४० अँपिअरचा आला आणि एबीएसच्या मॉडेलला पुढचे-मागचे ब्रेक जोडलेले मिळाले. गरम होणारे हातमोजे आणि जादा दिवे लावणाऱ्याला हा अल्टरनेटरचा फरक फार मोठा.

इथे जुनी गाडी घेणाऱ्याच्या हातात एक फार चांगली सोय आहे, ती म्हणजे एमओटीचा, म्हणजे गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या तपासण्या दिसतात: त्या दिवशीचं मीटरवरचं रीडिंग, पास की नापास, आणि तपासणाऱ्याने दिलेल्या सूचना. जाहिरातीत 'जिवापाड जपलेली' असं लिहिलेल्या गाडीला सलग काही वर्षं स्टिअरिंग हेड बेअरिंगची तीच सूचना मिळालेली दिसली, तर ती किती जपली ते कळतं. मी आधी नंबर मागायचो, इतिहास वाचायचो आणि मग जायचं की नाही ते ठरवायचो. यात बऱ्याच गाड्या घरबसल्या गळल्या.

प्रत्यक्ष जाताना विकणाऱ्याला एक विनंती ठरलेली असायची: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचं खरं दुखणं थंड असतानाच बोलतं. चोकवर ती कशी उठते, चारही सिलिंडर एकदम लागतात का, धूर कोणत्या रंगाचा येतो. एका ठिकाणी पोहोचलो तर गाडी छान पुसून उभी होती, पण इंजिनाला हात लावला तर चटका बसला. तिथे मी फार वेळ घालवला नाही.

पॅनमध्ये सगळ्यात आधी बघायचा तो स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा लोखंडी हात. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि पॅनचा स्विंगआर्म आतून गंजतो. वरचा रंग शाबूत दिसतो. मी छोटा टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन जायचो, गाडी डबल स्टँडवर घ्यायला सांगायचो आणि खाली झोपून वेल्डजवळ हळूच ठोकून बघायचो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर नमस्कार. एफजेचा ठरलेला आजार दुसऱ्या गिअरमध्ये. आधीच्या मालकांनी जोरात पळवली असेल, तर दुसऱ्यात थ्रॉटल पिळल्यावर गिअर सुटतो, आणि दुरुस्तीसाठी इंजिन उघडावं लागतं. क्लच घसरणंही तिथे नेहमीचं, पण ते काम स्वस्तात आणि घरी होतं. त्यामुळे एफजे चालवून बघताना माझा सगळा जीव त्या दुसऱ्या गिअरमध्ये असायचा.

घेण्याआधी गाडी चालवून बघण्याचेही इथे नियम आहेत. आपल्या विम्यात दुसऱ्याची गाडी चालवण्याची सोय नसेल, तर तात्पुरता विमा काढावा लागतो, आणि बरेच जण गाडीच्या पूर्ण किमतीची रोकड हातात ठेवून मगच किल्ली देतात. मला यात काही गैर वाटलं नाही.

पॅन चालवली आणि ती इतकी का वाखाणली जाते ते पहिल्या काही मैलांतच कळलं. काचेमागे वारा लागत नाही, व्ही-फोर कुठल्याही गिअरमधून कुरकुर न करता ओढतो, आणि एकदा चाकं फिरली की तीनशे किलोंवरचं वजन कुठे जातं ते कळतच नाही. दिवसात सहाशे मैल कापायचे असतील तर मी आजही पॅनचंच नाव घेईन. एफजेचं तसं नाही. ती दणकट, मोकळी, थोडी गरम. इंजिन मधल्या आरपीएमला आलं की हवा कापत निघते, आणि वळणात तिला वळवायला पॅनपेक्षा कमी जोर लागतो. बायको दोन्हींवर मागे बसली. पॅनवरून उतरल्यावर म्हणाली, "ही जास्त आरामाची आहे. पण तुला ती दुसरी हवी आहे, दिसतंय मला."

हवी होती हे खरं, पण निर्णय केवळ हौसेवर झाला नाही. शेफील्ड हे चढउतारांचं शहर. आमचं गॅरेज घराच्या मागे, उताराच्या तळाशी, आणि गाडी उलटी ढकलत वर आणावी लागते. पॅनच्या मालकाच्या घरासमोर जवळपास तसाच चढ होता. मी त्यांची परवानगी घेऊन इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकलून पाहिली. पाच-सहा फुटांवर पाय घसरायला लागले. कोरड्या रस्त्यावर ही गत, तर नोव्हेंबरच्या ओल्या पानांवर काय होईल? गाडी चालवण्याइतकाच वेळ आपण ती हलवण्यात घालवतो, आणि तीनशे किलोंची गाडी एकदा कलली की एकट्याने सावरत नाही. शिवाय माझी सगळी कामं मीच करतो. एफजेची टाकी काढली की टॅपेटचं झाकण समोर येतं. पॅनमध्ये कशालाही हात घालायचा तरी आधी फेअरिंगचे, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाचे, स्क्रू आणि क्लिपा काढत बसायचं.

शेवटी लिंकनशरमधल्या एका निवृत्त माणसाकडे एफजे मिळाली. दुसरा गिअर घट्ट, पावत्यांची फाइल जाडजूड, सायलेन्सरला थोडा गंज. चोरीची किंवा कर्जावरची नाही ना, याची तपासणी आधीच केली होती, कारण इथलं लॉगबुक, म्हणजे व्ही५सी, मालकी सिद्ध करत नाही; ते फक्त गाडी कोणाच्या नावे नोंदवली आहे ते सांगतं. म्हणून विक्रीची सही केलेली पावती वेगळी घेतली. नाव बदलण्याची नोंद त्यांनी ऑनलाइन केली, हिरवी स्लिप माझ्या हातात दिली, आणि त्या स्लिपवरच्या नंबरने मी तिथेच उभा राहून रोड टॅक्स भरला. नवं लॉगबुक नंतर पोस्टाने घरी आलं.

घरी आल्यावर पहिलं काम ब्रेकच्या रबरी नळ्या बदलून स्टीलच्या वेणीच्या टाकणं, मग सगळं ऑइल, प्लग, चेन-स्प्रॉकेट. मागचं चाक १६ इंची असल्याने टायरची निवड थोडकी आहे, तेव्हा मिळाला तसा चांगला जोड लगेच घेऊन टाकला. पेट्रोल फक्त ई५, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं, भरतो. २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालं आहे, आणि जुन्या रबराच्या सील असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये ते महिनोन्महिने पडून राहू देणं मला परवडणार नाही. बायकोसाठी उंच काच बसवली आहे, मागच्या सीटचा फोम बदलायला दिला आहे. फोम आला की पहिली मोठी फेरी स्कॉटलंडमधल्या ग्लेन कोची.