21 शॉट्स आणि 240 मिनिटं

11 जुलै 2025, शुक्रवार. त्या दिवशी ऐरोलीच्या ऑफिसात आमची जी वादावादी झाली, ती अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

आमचं काम सांगते. अमेरिकेतल्या एका क्लायंटसाठी आम्ही एनबीए, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या संघांच्या पुढच्या सीझनचे अंदाज बांधतो. संघात गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), असिस्ट (ज्यावर दुसऱ्याने बास्केट केली तो पास) यांत पहिला कोण येईल आणि कोच कुणाला किती मिनिटं खेळवेल, हे सांगायचं. लोकांना वाटतं, गुणांचा अंदाज सगळ्यात अवघड. खरं तर मुरलेला खेळाडू मिनिटामागे काय करतो, ते वर्षावर्षाला फारसं बदलत नाही. अवघड असतो तो मिनिटांचा रकाना, कारण तो एका माणसाच्या मनात असतो.

माझ्याकडे डॅलसचा संघ होता, आणि त्या वर्षी त्याच्याइतका गुंता दुसऱ्या कुठल्याच संघात नसेल. फेब्रुवारीत त्यांनी लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवून अँथनी डेव्हिस घेतला. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी झाला. मार्चमध्ये कायरी अर्विंगच्या गुडघ्याचं एसीएल (आतला मुख्य अस्थिबंध) फाटलं. 39 जिंकले, 43 हरले. आणि मग मे महिन्यात, जेमतेम 1.8 टक्के शक्यता असताना, ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडायच्या) लॉटरीत पहिला नंबर लागला आणि जूनमध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीचा 18 वर्षांचा कूपर फ्लॅग पदरात पडला.

त्या शुक्रवारी आपल्याकडे पहाट असताना लास व्हेगासला समर लीगमध्ये (सीझनआधीच्या, मुख्यतः नव्या पोरांच्या स्पर्धेत) फ्लॅगचा पहिला सामना झाला. 21 पैकी 5 शॉट्स पडले, गुण 10. मी पावसातून ठाणे-वाशी लोकलने ऑफिसात पोचेपर्यंत लोकांनी त्याला निकालातही काढलं होतं. मॅनेजरचा मेसेज तयारच होता: फ्लॅगचे गुण कमी करा, आजच.

एका सामन्यातल्या 21 शॉट्सवरून काहीही ठरत नाही. ड्यूकमध्ये त्याने 37 सामने खेळून सरासरी 19.2 गुण केले, आणि गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं) या पाचही बाबतीत तोच संघात पहिला होता. ते सोडून एका सकाळच्या आकड्यामागे धावायचं असेल, तर आमची गरजच काय? पुढच्याच सामन्यात त्याने 31 गुण केले आणि त्याच मॅनेजरला ते वर न्यायचे होते. आमच्या धंद्यातली ही घाई मला मनापासून खुपते.

त्या सामन्यात बघण्यासारखं होतं ते वेगळंच, आणि ते दाखवलं दादांनी. दादा आमच्या टीममधले सगळ्यात ज्येष्ठ, ठाण्याचे, तरुणपणी भरपूर बास्केटबॉल खेळलेले. त्यांनी व्हिडिओ थांबवला. "शॉट विसर. बास्केट झाल्यावर चेंडू घ्यायला मागे कोण येतंय ते बघ." समोरच्यांनी बास्केट केली की फ्लॅग स्वतः बेसलाइनपाशी (रिंगमागच्या रेषेपाशी) येऊन पास घेत होता, आणि एरवी हे काम करणारा गार्ड मुकाट्याने पुढे कोपऱ्याकडे पळत होता. सव्वासहा फुटांचा गार्ड नव्हे, पावणेसात फुटांचा फॉरवर्ड, म्हणजे एरवी रिंगकडे खेळणारा उंच खेळाडू, चेंडू वर आणत होता.

मी शीट उघडली. तिचा एकच कडक नियम: 48 मिनिटं गुणिले पाच खेळाडू, म्हणजे 240. बेरीज 241 झाली की शीट खोटी. (आपल्याकडच्या 40 मिनिटांच्या खेळात हा आकडा 200.) आत रिंगजवळच्या दोन जागांची मिनिटं 96. तिथल्या उंच खेळाडूंपैकी डेव्हिसला 33, वॉशिंग्टनला 30, लाइव्हलीला 24, गॅफर्डला 21 दिली की झाली 108. फ्लॅग अजून यात आलेलाही नाही! त्याला बाहेर सरकवावं, तर तिथे क्ले थॉम्पसन आणि नाजी मार्शल 48 मिनिटं सहज खाऊन टाकतात. त्याच वेळी अर्विंग नसल्यामुळे गार्डच्या जागेवर भगदाड, आणि ते बुजवायला घेतलेला डिअँजेलो रसेल एकटा पुरणार नाही. म्हणजे दादांना व्हिडिओत जे दिसलं, तिकडेच माझी बेरीजही बोट दाखवत होती.

आणि तेव्हा कोच कोण? जेसन किड, स्वतः एकेकाळचा अव्वल पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वर आणून खेळ रचणारा. 2016 मध्ये मिलवॉकीच्या संघाचा कोच असताना याच माणसाने सहा फूट अकरा इंचांच्या यानिस या फॉरवर्डच्या हाती चेंडू दिला होता. त्याच्या पुढच्या सीझनला यानिस पाचही बाबतीत मिलवॉकीत पहिला आला. कोचच्या मनातलं दिसत नसलं, तरी त्याने आधी काय केलंय ते दिसतंच की.

चेंडू ज्याच्या हाती, पासही त्याचेच; म्हणून मी असिस्टमध्ये पहिलं नाव फ्लॅगचं लिहिलं. मॅनेजर म्हणाले, पोरगा डिसेंबरपर्यंत 19 चाही होत नाही, रसेलचं नाव टाका, कुणी प्रश्न विचारणार नाही. कुणी प्रश्न विचारू नये म्हणून अंदाज बांधायचा असेल, तर तो अंदाज नव्हे, स्वतःची कातडी वाचवणं आहे. मी तसं बोलले. दादा म्हणाले, "बरोबर बोललीस, पण जरा हळू."

रिबाउंडचा घोळ तर मिटलाच नाही. सरासरीने बघितलं तर डेव्हिस, दुसरं नावच नको. पण लीगच्या यादीत साधारणपणे 58 सामने खेळलेलाच धरतात, आणि डेव्हिसचे मागच्या पाच सीझनचे सामने असे: 36, 40, 56, 76, 51. बेरजेने मोजलं तर वेगळंच नाव येईल. सरासरी हवी की बेरीज, हे मी क्लायंटला विचारलं. उत्तर आलं, "फक्त एक नाव द्या." ज्याला उत्तर हवंय पण प्रश्न नीट मांडायचा नाही, त्याच्यासाठी काम करणं जिकिरीचं असतं.

शेवटी रसेलचं नाव गेलं. दादांनी भांडून माझा फ्लॅगचा हिशेब सोबत जोडायला लावला, तेवढं समाधान. पण अर्विंग परतला की चेंडू पुन्हा कुणाकडे जाईल? लाइव्हलीचा पाय धड राहिला नाही आणि डेव्हिसला सेंटरला (अगदी रिंगखाली) खेळावं लागलं, तर फॉरवर्डच्या जागा मोकळ्या होतील. मग किड फ्लॅगला गार्ड म्हणून ठेवेल की परत आत ओढेल? तेव्हा रोज लोकलमध्ये हीच मिनिटं मनात इकडची तिकडे करत बसायचे. ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की बास्केटनंतर चेंडू कोण वर आणतं, ते प्रत्येक वेळी टिपायचं ठरवलं होतं. तो रकाना शीटमध्ये तेव्हाच घालून ठेवला होता, आणि पहिल्या महिन्याची टिपणं दादांनी आधीच मागून ठेवली होती.