अर्ध्या कड्यावरून माघारी

परतवाड्याच्या पुढं, गाविलगडाच्या रांगेच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण कड्यावरची मोहोळं तिथंच राहावीत. कडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचा, काळ्या बेसाल्टचा, जेमतेम पंचवीस मीटर. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. पळसाला कळ्या धरलेल्या, शेतात हरभरा.

जोडीदारानं ऐनवेळी टांग दिली, म्हणून एकटाच चढणार होतो. मागच्या वाटेनं माथ्यावर जाऊन मोहाच्या जाड खोडाला रोप, म्हणजे चढाईचा दोर, बांधला, तो घासू नये म्हणून कड्याच्या धारेवर युरियाचं पोतं घातलं आणि खाली आलो. हार्नेसला, म्हणजे कमरेच्या-मांड्यांच्या पट्ट्याला, लावलेला छोटा जुमार (रोप धरणारी दातेरी पकड) रोपावरून वर सरकत राहतो, आपण हातापायांनी दगड चढायचा. पडलो तर जुमारचे दात रोप धरतात. शिवाय दर चार-पाच मीटरवर रोपाला गाठ मारून ती हार्नेसला अडकवायची.

निम्म्यात पोचलो आणि खालून हाक आली, "ओ भाऊ! वरतं नोको जाऊ, आग्या मोहोय हाय नं बाप्पा!"

डावीकडं, कपारीच्या छताखाली, सुपाएवढं काळं काहीतरी लोंबत होतं. ते अंगभर लाटेसारखं थरथरलं. माथ्यावरून हे दिसतच नव्हतं. खालून दुर्बीण लावायचा आळस माझा.

आता उतरायचं. पण जुमार वर जातो, खाली येत नाही, आणि वजन असताना उघडतही नाही. म्हणून त्याच्या लगेच खाली रोपात फिगर ऑफ एट, म्हणजे उतरायचं आठाच्या आकाराचं साधन, अडकवला, त्याखाली प्रुसिक, म्हणजे वजन पडलं की रोप आवळणारी बारीक दोरीची गाठ, मारून हार्नेसच्या पायाच्या पट्ट्याला जोडला. वरती दुसरा, हातात धरायचा जुमार लावला, त्याला लोंबणाऱ्या फासात पाय दिला, उभा राहिलो. छोट्या जुमारवरचं वजन गेलं, तो काढला, अलगद खाली बसलो.

बसलो, पण एटवर नाही. हातातला जुमार मी घाईत हातभर वर सरकवला होता. त्याला हार्नेसशी जोडणारी सुरक्षेची स्लिंग (पट्टी) ताणली गेली आणि मी तिच्यावरच लटकलो. एट खाली ढिला. फासात उभं राहावं, तर पायाचं वजन पुन्हा त्याच जुमारवर! घराच्या कडुनिंबाला सराव करताना हे कधी झालं नव्हतं, तिथं घाई नव्हती ना.

सुटका एकच. फासात उभं राहून छोटा जुमार पुन्हा लावायचा, त्यावर बसायचं, मोकळा झालेला हातातला जुमार पार छातीशी आणायचा आणि सगळं पहिल्यापासून. एक माशी कानाजवळून गेली. मांडी लटलटत होती. दुसऱ्या वेळी बसल्यावर वजन एटवर आलं, प्रुसिकनं धरलं. हातातला जुमार काढला, गाठी एकेक सोडत खाली आलो.

हाक मारणारे गुराखी बाबाजी तिथंच बसलेले. "चढाले तं झटक्यात चढले भाऊ, मंग उतराले एवढा टाइम कायले लागला?"

मी जुमार त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो रोपावर वर सरकवला, खाली ओढून पाहिला, दोनदा.

"बाबाजी, रोप काढायचा आहे अजून."

"दिवस बुडू द्या. आता नोको हालवू."

मग बाबाजींनी काटक्या गोळा केल्या, ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही काळ्या हातांनी तो सोलत बसलो.