वीस बारेसी, अपडेट ११: 'मेदिओलानुम' शेवटी छातीवर बसलं

बसलं! काल रात्री पावणेदोनला १९८८-८९ वाल्या बारेसीच्या छातीवर 'मेदिओलानुम' अख्खं बसलं, रोमन लिपीतली दहाच्या दहा अक्षरं, सरळ, न फाटता, न सुरकुतता. मी किचनमध्ये जाऊन फ्रीजसमोर उभ्याउभ्याच डब्यातलं उरलेलं श्रीखंड संपवलं, कारण त्या वेळी सांगायला जागं कोणीच नव्हतं.

नव्या मंडळींसाठी एवढंच, की इटलीचा डिफेंडर फ्रांको बारेसी मिलानकडून खेळला १९७७-७८ ते १९९६-९७ असे वीस सीझन, म्हणून त्याचे वीस छोटे पुतळे, म्हणजे फिगर, स्केल १:३२, मास्टर (साच्यासाठीचा मूळ पुतळा) एकच, डोकी तीन (केस भरपूर, केस विरळ, केसांचा विषय नको), जर्सी त्या त्या सीझनची आणि पाठीवर ६. बाकी जुन्या पोस्टमध्ये आहे, वर केलेल्या हाताची रडकथासुद्धा. तो हात आता ०.५ मिलिमीटरच्या पितळी तारेवर पक्का बसलाय, दोनदा टेबलावरून पडला तरी तुटला नाही, त्यामुळे तो चॅप्टर क्लोज.

आता मेदिओलानुम. हा स्पॉन्सर १९८७ ते १९९२, म्हणजे माझ्या वीसपैकी पाच फिगर, आणि नेमके तेच सीझन ज्यासाठी निम्म्या लोकांना बारेसी माहितीये. कोच साक्की आला, स्कुदेत्तो (इटलीच्या लीगचं विजेतेपद) आला, युरोपियन कपच्या फायनलला बार्सिलोनात स्तेआवाला ४-० ने धुतलं, पुढच्या वर्षी व्हिएन्नात बेनफिका. या पाच फिगर गंडल्या तर प्रोजेक्टला अर्थच नाही. आणि प्रॉब्लेम काय, तर लाल-काळ्या पट्ट्यांवर पांढरी अक्षरं. या स्केलला अख्खा शब्द साधारण ९ मिलिमीटरमध्ये बसवायचा, म्हणजे एका अक्षराला एक मिलिमीटरसुद्धा मिळत नाही.

सात महिन्यांत काय काय केलं ते ऐका.

पहिल्यांदा हाताने, तीन शून्यवाल्या ब्रशने. तिसऱ्या अक्षरापर्यंत बरं चाललं होतं, मग चहा आला, मग हात हलला. मग ट्रान्सपरंट डेकल पेपर (छापून, पाण्यात भिजवून चिकटवायचा कागद) आणला आणि मूर्खासारखं पांढऱ्या अक्षरांचं प्रिंट मारलं. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाईच नसते हे मला माहिती होतं, पाच वर्षं हा छंद करतोय, तरी मारलं, आणि कोरा कागद बाहेर आल्यावर मिनिटभर प्रिंटर बिघडला असं समजून शाई चेक करत बसलो. ज्यांच्याकडे जुने आल्प्स प्रिंटर आहेत, जे पांढरं छापायचे, त्यांच्यावर मी मनापासून जळतो. कंपनीने ते बंद करून जमाना झाला आणि सेकंडहँडचे भाव बघितले तर त्यात स्कूटर येईल.

मग एका ऑनलाइनवाल्याकडून पांढरी अक्षरं छापून मागवली. नाव घेत नाही. पाच आठवड्यांनी पाकीट आलं, छपाई सुरेख, एकदम शार्प, आणि स्पेलिंगमध्ये एक आय जास्त. मेदिओलानियुम! चाळीस वेळा! फाइल मी बरोबर पाठवली होती, त्यांच्या कोणीतरी ती 'दुरुस्त' केली. ती शीट मी फ्रेम करणार आहे.

मग सगळ्यांनी सुचवलेला उपाय, पांढऱ्या डेकल पेपरवर लाल-काळे पट्टे छापायचे आणि अक्षरांची जागा कोरी सोडायची, म्हणजे कागदाचा पांढरा तोच अक्षरांचा पांढरा. कल्पना झकास. छातीपुरता चौकोन कापला, लावला, आणि दिसायला लागलं की पोराच्या शर्टाला ठिगळ लावलंय. छापलेला लाल वेगळा, रंगवलेला लाल वेगळा, छापलेला काळा तर चक्क चॉकलेटी. त्यात जुलै. डेकलवर लॅकर मारला की पाच मिनिटांत पांढरट धुकं चढायचं, आणि कोट कमी मारला की मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव) लावल्यावर शाई पळायची. एक बारेसी तर असा दिसत होता की पावसात मुंबई लोकलने आलाय.

लाल जुळवायला मी दीड महिना घालवला. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये लाल थोडा वाढव, पिवळा कमी कर, टेस्ट प्रिंट, वाळव, बघ, परत. एकवीस टेस्ट पट्ट्या आहेत माझ्याकडे, नंबर टाकलेल्या. लेझर प्रिंटही करून बघायचं होतं, पहिल्या दुकानदाराने कागद बघूनच हाकललं ("मशीनमध्ये वितळला तर कोण भरणार?", आणि तो चूक नव्हता), दुसऱ्याने जाड कागदाच्या सेटिंगवर काढून दिलं तर लाल सरळ केशरी. ते मिलान नाही, ते भलतंच काही.

आता ब्रेकथ्रू. तो माझा नाही, आईचा आहे. ती पंचवीस वर्षं ब्लाउज शिवायची. टेबलावरचा ठिगळवाला बारेसी हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "अरे, पुढच्या भागाला मधेच जोड कशाला देतोस? पुढचा भाग अख्खा, मागचा भाग अख्खा, शिवण काखेखाली. आणि इथे फुगतंय तिथे टक्स घे." आणि गेली कुकर लावायला.

मी तिथेच बसून राहिलो. सात महिने मी छातीवर कागद चिकटवत होतो, जर्सी बेतत नव्हतोच.

मग लगेच, हात न लावलेलं धड घेतलं, त्यावर मास्किंग टेप गुंडाळली (टामियाचीच, बाकीच्या टेप रंग उचलतात, यावर माझ्याशी वाद घालू नका), पेनाने कडा मारल्या, टेप सोलून सपाट केली, स्कॅन केली. झाला पॅटर्न. पुढचा एक तुकडा, मागचा एक तुकडा, मागच्यावर ६ कोरा सोडलेला. दोन्ही बाजूंना काखेखाली काळा पट्टा येईल असं बसवलं, म्हणजे जोड काळ्यावर काळा, वर हात बसला की दिसतही नाही. कंबरेशी आणि खांद्याशी बारीक टक्स, म्हणजे काप, मायक्रो सोलने ते आपोआप मिटतात. आणि लालचं भांडण उलटं सोडवलं. आता छापलेला लाल हाच खरा, रंग त्याला जुळवायचा. रंगवायच्या उरल्या फक्त बाह्या, तेवढ्यापुरता व्हालेजोचा लाल थेंबभर तपकिरी घालून वीस मिनिटांत जुळला. वीस मिनिटांत! त्या एकवीस पट्ट्या तोंड वेडावत होत्या समोरून.

धुक्याचा इलाज: लॅकरचा कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं, डेकल शीटला हेअर ड्रायरने आधी ऊब, दुपारी ऊन पडलं की पातळ तीन कोट, प्रत्येकानंतर शीट तांदळाच्या डब्यात. तांदळाचा कितपत उपयोग होतो देव जाणे, पण आता सोडायची हिंमत नाही.

१९८८-८९ च्या जर्सीवर आदल्या वर्षीच्या स्कुदेत्तोची तिरंगी ढाल आहे, आणि १९७९ च्या दहाव्या लीगपासूनचा सोनेरी तारा. ढालीतला हिरवा मोजून अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि तो दिसतो. भिंगातून, पण दिसतो.

या फिगरला हात वर आहे अर्थातच, ऑफसाइड मागणारा. साक्कीच्या टीममध्ये डिफेन्सपासून फॉरवर्डपर्यंत २५-३० मीटरमध्ये सगळे कोंबलेले असायचे, आणि जो लिबेरो, म्हणजे मोकळा डिफेंडर, आधी सगळ्यांच्या मागे झाडू मारत फिरायचा तोच आता तासोत्ती, कोस्ताकुर्ता, माल्दिनीला घेऊन पुढे पळायचा. १.७६ मीटर उंचीचा माणूस, हवेतल्या बॉलसाठी मागे वाट बघत बसण्यापेक्षा समोरच्याला तिथे येऊच न देणं त्याला परवडायचं. तेव्हा डिफेंडरच्या रेषेत असलेला फॉरवर्डसुद्धा ऑफसाइड धरायचे, तो नियम १९९० ला बदलला. म्हणून १९९०-९१ च्या फिगरला हात तितका वर नको, थोडा शंका असलेला हात हवा, असं परवा डोक्यात आलंय. कोपरात वाकवून बघतो. हो, म्हणजे हाताचा चॅप्टर परत उघडला.

छोटे आनंद सांगतो. सेरी बी च्या (इटलीच्या सेकंड डिव्हिजनच्या) दोन्ही फिगर तयार झाल्या, १९८०-८१ आणि १९८२-८३. पहिल्यांदा मिलान खाली गेलं ते १९८० च्या तोतोनेरो मॅचफिक्सिंगमुळे, दुसऱ्यांदा १९८२ ला स्वतःच्या खेळाने, त्या सीझनमध्ये बारेसी रक्ताच्या आजाराने काही महिने बाहेर होता. त्याच उन्हाळ्यात इटलीने वर्ल्ड कप जिंकला, बारेसी स्क्वॉडमध्ये होता पण एक मिनिटही खेळला नाही, आणि जिंकणाऱ्या टीममधला त्याचा मिलानचा जोडीदार कोल्लोवाती शहरातल्याच दुसऱ्या क्लबला, इंटरला, निघून गेला. हा थांबला, आणि बावीसाव्या वर्षी कॅप्टन झाला, सेकंड डिव्हिजनमधल्या टीमचा. त्या फिगरला मी कॅप्टनचा पट्टा टेपच्या पाऊण मिलिमीटर तुकड्याने केलाय आणि सगळ्या वीसमध्ये मला तोच जास्त आवडतो. सांगू नका कोणाला, शोकेसमध्ये तो पुढे ठेवणार.

पाठीवरचं ६ मागच्या तुकड्याबरोबरच छापलं जातंय, त्यामुळे ते काम फुकटात झालं.

आता चूक कबूल करतो. १९९३-९४ ची फिगर मी पांढरी प्रायमर मारून ठेवली होती, अथेन्सची युरोपियन फायनल म्हणून, बार्सिलोनाविरुद्ध ४-०, मिलान पांढऱ्यात. ग्रुपमधल्या एकाने विचारलं, "पण अथेन्सला बारेसी होता का रे?" नव्हता! तो आणि कोस्ताकुर्ता दोघंही सस्पेंड, मधे फिलिप्पो गाल्ली आणि माल्दिनी खेळले, कप तासोत्तीने उचलला. वीस फिगर करणाऱ्या माणसाला हे माहिती नसावं म्हणजे कमाल आहे. मग ते पांढरं धड आता १९८९-९० ला दिलंय, व्हिएन्नाची फायनल, तिथेही पांढरीच जर्सी होती आणि बारेसीही होता. म्हणजे पट्ट्यांवर मेदिओलानुम पाचाऐवजी चारदाच बेतायचंय. ज्याने विचारलं त्याला श्रीखंड माझ्याकडून.

१९९३-९४ आता लाल-काळ्यात, लोत्तोची जर्सी, छातीवर स्पॉन्सर मोत्ता. आणि खरं तर तेच योग्य, कारण त्या सीझनची लीग बघा, ३४ मॅचमध्ये गोल मारले फक्त ३६ आणि खाल्ले १५. चॅम्पियन! आजकाल एवढेच गोल मारून कोणी चॅम्पियन होईल का? स्ट्रायकरची फिगर करणाऱ्यांनी हा आकडा लिहून भिंतीवर लावा.

१९९४ च्या उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर. इटलीची निळी फिगर या प्रोजेक्टमध्ये नको असं मी अपडेट २ मध्ये ठासून सांगितलं होतं. मागे घेतो. २३ जून १९९४ ला वर्ल्ड कपमध्ये नॉर्वेविरुद्ध गुडघ्याचा मेनिस्कस गेला, ऑपरेशन झालं, आणि १७ जुलैला पासाडेनाच्या फायनलमध्ये हा परत मैदानात, ब्राझीलच्या रोमारिओ आणि बेबेतोसमोर, १२० मिनिटं, ०-०. आमच्याकडे रात्री एकला मॅच सुरू झाली होती, मी अकरा वर्षांचा, बाबा अर्धवट झोपेत. पहिली पेनल्टी बारेसीची, बारच्या वरून. सगळ्यांना शेवटची, बाजियोने घालवलेलीच आठवते. १९९० ला नेपल्समध्ये अर्जेंटिनाविरुद्धही पहिली पेनल्टी यानेच घेतली होती आणि ती आत गेली होती, हे मला आत्ता हे लिहिता लिहिता जोडून सुचतंय. त्यामुळे एक नाही, दोन निळ्या कराव्या काय? नेपल्सचा किक मारताना आणि पासाडेनाचा मैदानात गुडघे टेकलेला. पण माझ्या मोल्डमध्ये गुडघे वाकतच नाहीत, त्यासाठी नवं मास्टर, म्हणजे ग्रीनस्टफ, सिलिकॉन, रेझिन सगळं परत, आणि सिलिकॉनच्या किमती बघितल्यात का सध्या? मी घेतो त्या दुकानात किलोला गेल्या वर्षीपेक्षा बरेच जास्त सांगतायत आणि वर डबा अर्धा घट्ट झालेला देतात.

तर निळ्या सध्या थांबल्या. त्याऐवजी स्वस्तातली आयडिया: बेप्पे. थोरला भाऊ, जुझेप्पे बारेसी. दोघं ब्रेशाजवळच्या त्राव्हाल्यातोचे, इंटरने थोरल्याला घेतलं, धाकट्याला नाही, मग धाकटा १९७४ ला मिलानमध्ये गेला आणि तिथे त्याचं नाव पडलं पिश्चिनीन, मिलानच्या बोलीत छोटू. पुढे वर्षानुवर्षं डर्बीत दोघं भाऊ समोरासमोर. १९८८-८९ च्या फिगरशेजारी निळ्या-काळ्यातला बेप्पे उभा केला तर काय दिसेल! मोल्ड तोच चालेल, डोकं बदलायचं, पॅटर्न तयारच आहे, लालच्या जागी निळा. निळा प्रिंटरमधून काय रंगाचा येईल हा विचार मी आज करणार नाहीये.

आईला दाखवलं सकाळी. म्हणाली पाठीला एक टक कमी पडलाय, डाव्या बाजूला. खरंच पडलाय.

बेप्पेसाठी रात्रीच एक कास्टिंग ओतून ठेवलं होतं, आत्ता काढलं. डाव्या घोट्यात बुडबुडा आलाय. पुट्टी भरून बघतो.