तुमच्या मुलीनं केलं तर चालेल का?

देहविक्रय गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढा असं मी कुठेही म्हटलं, व्याख्यानात किंवा लग्नाच्या पंगतीत, की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमच्या मुलीनं हा धंदा केला तर चालेल का?" तुमच्याही मनात हाच प्रश्न आला असेल, म्हणून सांगते. नाही चालणार. तिनं दारूचं दुकान टाकलेलंही मला आवडणार नाही. पण मला आवडत नाही म्हणून पोलिसांनी तिला गाडीत घालून न्यावं, हे मला पटत नाही.

मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. बुधवार पेठेत धंदा करणाऱ्या बायकांची कामं माझ्याकडे येतात. तो भाग आपल्याला परका नाही. दगडूशेठचं दर्शन, तपकीर गल्लीतल्या वायरी, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं हे सगळं तिथलंच. फक्त मधल्या बोळांकडे बघायचं नाही, ही पुणेकरांची पिढीजात सवय.

धंदा करणंच बेकायदा आहे, असं बहुतेकांना वाटतं. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला तिथे सगळे 'पिटा' म्हणतात, तसं म्हणत नाही. तो भोवतालचं सगळं गुन्हा ठरवतो. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावलं की कलम 8. दोघींनी मिळून एका खोलीत धंदा केला की ती खोली कुंटणखाना, आणि खोली देणाऱ्यावर कलम 3. मग भाडेकरार कोण करणार? करार नाही म्हणून पत्ता नाही, पत्त्यावाचून रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळं अडतं. वर मालक स्वतःच्या धोक्याचे पैसे भाड्यातच लावतो.

कलम 4 तर अजबच. तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा 18 वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार, दोन वर्षांपर्यंत कैद. दलालांसाठी आहे म्हणे. एक बाई मुलाच्या कॉलेजच्या फीची पावती घेऊन आली होती, चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवलेली. मुलगा नुकताच अठरा पूर्ण झालेला. पावतीवर आपल्याऐवजी भावाचं नाव घालता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. कलम वाचून "घाबरू नका" म्हणायला माझी जीभ रेटेना.

"मग फसवून आणलेल्या पोरींचं काय?" हा पुढचा प्रश्न. माणसांचा व्यापार भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 खाली गुन्हा आहे, तो राहायलाच हवा. पण नवी, कोवळी पोर आणली गेलीय हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? शेजारच्या खोलीतल्या बाईला. तिनं कळवलं की रेड तिच्याही खोलीवर. मग ती गप्प बसते.

धंद्याला सरकारी परवानेही मला नकोत. परवाना न मिळालेली पुन्हा गुन्हेगारच.

सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सुधारगृहात ठेवलेल्या तिघींना सोडलं. सज्ञान बाईला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, असं म्हटलं. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंडोम पुरावा म्हणून धरू नका. कायद्याची कलमं मात्र तशीच आहेत. घरवालीविरुद्ध, म्हणजे कुंटणखाना चालवणारीविरुद्ध, तक्रार द्यायला गेलेल्या बाईला अजूनही आधी विचारतात, तू तिथे काय करत होतीस?

न्यूझीलंडनं 2003 मध्येच आपल्याकडची अशी कलमं काढून टाकली. तिथे वेलिंग्टनमधल्या एका बाईनं आपल्या कुंटणखान्याच्या चालकावर लैंगिक छळाचा दावा लावला आणि 2014 मध्ये 25,000 डॉलर भरपाई मिळवली.