पोर्ट २०८३ बंद होता, ४४३ ने आत गेलो

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. दिवाळी अंकांची मागणी तिथल्याच मेलवर येते, आणि नेमके ऑक्टोबरातच मेल यायचे थांबले. ग्रंथपाल काकांचा फोन आला, "अरे, लोकांचे मेल परत जातायत. बघ ना जरा."

सर्व्हरवरची जागा भरली असणार, हे लगेच लक्षात आलं. पण मी कॉलेजच्या हॉस्टेलवर, आणि तिथून सीपॅनल, म्हणजे साइटचा नि मेलचा कारभार बघायचं पान, उघडेचना. गच्चीवर जाऊन मोबाइल डेटावर लावलं तर लॉगिनचं पान आलं, म्हणजे सर्व्हर ठणठणीत होता. फाइल मॅनेजर उघडेपर्यंत मात्र रेंज जायची.

लॅबच्या सरांना विचारलं. "८० आणि ४४३ सोडून कुठलाच पोर्ट बाहेर जात नाही," ते म्हणाले. पोर्ट म्हणजे नेटवरचे क्रमांक दिलेले दरवाजे; साध्या वेबसाइट ८० आणि ४४३ वरून चालतात. सीपॅनल चालतं २०८३ वर, वेबमेल २०९६ वर. तिथेच अडलं होतं.

रूममेटने एक फुकटची वेब प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने दुसरी साइट उघडून देणारी साइट, सुचवली. तिच्यातून लॉगिनचं पान खरोखर उघडलं. युजरनेम टाकलं आणि पासवर्डच्या चौकटीपाशी हात थांबला. अशा प्रॉक्सीत आपल्या ब्राउझरचं सुरक्षित कनेक्शन तिच्यापर्यंतच असतं, पुढचं ती स्वतः जोडते. मधल्या मध्ये पासवर्ड तिला उघडा दिसतो. आमच्या खात्यात सगळ्या वाचकांचे पत्ते आहेत, फोन नंबर आहेत. टॅब बंद केला.

मग आठवलं, सीपॅनलची स्वतःचीच सोय आहे की! डोमेनच्या आधी 'सीपॅनल' आणि टिंब लावायचं. ती विनंती साध्या ४४३ वरून जाते आणि सर्व्हरवरचं अपाची हे वेब सॉफ्टवेअर ती आतल्या आत सीपॅनलकडे पोचवतं. पूर्वी याला प्रॉक्सी सबडोमेन म्हणत, आता सर्व्हिस सबडोमेन. लावून पाहिलं, तर असा पत्ताच नाही! चूक माझी होती. डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंदवही, क्लाउडफ्लेअर या सेवेकडे नेताना मी या नावाचा रेकॉर्ड आणलाच नव्हता.

'सीपॅनल' नावाचा ए रेकॉर्ड (नावाला आयपी जोडणारी नोंद) केला, त्यात सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवरचा क्रमांकी पत्ता, टाकला आणि रेकॉर्डपुढचा ढग नारिंगी ठेवला, म्हणजे ये-जा क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीतून. दोन-तीन मिनिटांत लॉगिनचं पान समोर! (क्लाउडफ्लेअर २०८३ सुद्धा पुढे पाठवतं, पण अडवणूक आमच्याच दाराशी असल्यावर त्याचा काय उपयोग?)

फाइल मॅनेजरमध्ये शिरलो आणि बाहेर फेकला गेलो: तुमचा आयपी बदलला आहे, पुन्हा लॉगिन करा. दुसऱ्यांदाही तेच. सर्व्हरला माझा नव्हे, प्रॉक्सीचा आयपी दिसत होता आणि तो बदलत होता. चोरलेलं सेशन (चालू लॉगिन) दुसरीकडून कुणी वापरू नये म्हणून ही तपासणी असते आणि ती असायलाच हवी. मग पुन्हा आत जाऊन आधी या नव्या नावासाठी ऑटोएसएसएल (सुरक्षित कनेक्शनचं प्रमाणपत्र आपोआप मिळवणारी सीपॅनलची सोय) चालवलं, प्रमाणपत्र मिळाल्यावर ढग करडा केला, म्हणजे मधली प्रॉक्सी काढली. हाच क्रम ठेवावा. उलट केलं तर ब्राउझर प्रमाणपत्रावर अडून बसतो. करड्या ढगामुळे सर्व्हरचा आयपी उघडा पडतो खरा, पण मेलच्या रेकॉर्डमुळे आमचा तसाही उघडाच होता.

यानंतर सेशन टिकलं. साइटच्या फोल्डरमध्ये एरर लॉगची, म्हणजे चुकांच्या नोंदींची, एकच फाइल ६४० एमबीची, आणि आमचा सगळा कोटा १ जीबीचा. उघडून पाहिली तर एका जुन्या प्लगिनची तीच वॉर्निंग, ओळीमागून ओळ, लाखो वेळा. प्लगिन बंद केलं, फाइल उडवली आणि वाचनालयाच्या पत्त्यावर एक मेल पाठवून काकांना फोन लावला.

"आला रे," काका म्हणाले, "आणि त्याच्या खाली आणखी दोन आलेत. अंकच मागतायत."